हँडल वर घेतलं की बरं वाटतं, महिन्याभरात हात परत बधिर: नेमकं काय सरकतंय?

तक्रार अशी. माउंटन बाइकवर तास-सव्वा तास झाला की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपायला लागतं. आधी मुंग्या, मग बोटं आपली नाहीतच असं वाटतं, आणि उतारावर ब्रेक दाबताना अंदाज चुकतो. कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: हँडल वर घे. घेतो आपण. पंधरा दिवस छान जातात. मग एका रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरताना परत तेच.

माझ्या बाबतीत हे तीनदा झालं. पहिल्यांदा स्टेमवरचा (हँडल धरणारा आडवा तुकडा) १० मिमीचा स्पेसर, म्हणजे उंची भरून काढणारी रिंग, काढून स्टेमखाली घातला. दुसऱ्यांदा १५ मिमी उठाव (मध्यापेक्षा टोकं जितकी वर, तो) असलेलं हँडल काढून ३० मिमीचं बसवलं, त्यात पैसेही गेले. तिसऱ्यांदा दुकानात जाऊन वरखाली वाकणारा ॲडजस्टेबल स्टेम मागणारच होतो, तेवढ्यात आमच्या सोसायटीतल्या काकांनी पार्किंगमध्ये अडवलं. काका पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. सायकल शेवटची कधी चालवली ते त्यांनाही आठवत नसेल.

"किती वर घेतलंस?"

"घेतलं थोडं, काका. दोनेक सेंटिमीटर."

"दोनेक म्हणजे? आधी किती होतं, आता किती आहे?"

मला सांगता येईना. ते वर गेले आणि घरातली स्टीलची मेजपट्टी घेऊन आले. सायकल सरळ उभी धरायला लावली, पुढचं चाक सरळ, आणि जमिनीपासून ग्रिपच्या मध्यापर्यंत माप घेतलं: १०४ सेंमी. मग मला सायकलवर बसायला सांगितलं, एक हात खांबाला, वजन नेहमीसारखं. परत माप: १०१ च्या आत. "तीन सेंटिमीटर कुठे गेले रे?"

ते तीन सेंटिमीटर पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, गेले होते. या दुखण्याचं मूळ बहुतेकदा तिथे सापडतं, आणि आपण मात्र स्पेसर मोजत बसतो.

आधी फोर्क बघा, पाना नंतर

सस्पेन्शनचा, म्हणजे धक्के शोषणारा, फोर्क आपल्या वजनाने थोडा दबायलाच हवा, त्याला सॅग म्हणतात. टेकडीवरच्या साध्या वापराला फोर्कच्या एकूण हालचालीच्या २० ते २५ टक्के सॅग बरा. माझा फोर्क १२० मिमीचा, म्हणजे २४ ते ३० मिमी. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी रिंग असते. नसेल तर वायर बांधायची पातळ प्लास्टिक पट्टी सैलसर बांधा. रिंग खाली सीलला (नळी जिथे आत शिरते तिथली रबरी कड) टेकवा, हलकेच सायकलवर चढा, पायडलवर उभे राहा, कोपर थोडे वाकलेले, वजन टेकडी उतरताना असतं तसं. न उसळता उतरा आणि रिंग किती वर सरकली ते मोजा.

माझी ४० मिमीवर होती. हवेचा फोर्क होता, म्हणजे आत स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा, आणि सहा महिन्यांत पंप लावलाच नव्हता. गणित करून बघा: २५ च्या जागी ४० मिमी, म्हणजे १५ मिमी जास्त दबलेला. मागचं चाक जागेवरच असतं आणि हँडल पुढच्या चाकाच्या थोडं मागे, त्यामुळे हँडल पूर्ण १५ नाही, साधारण १० ते ११ मिमी खाली जातं. म्हणजे मी जो १० मिमीचा स्पेसर मोठ्या हौसेने खाली घातला होता, तो फोर्कने गुपचूप परत घेतला. वर, अख्खी सायकल पुढे कलल्यामुळे सीटचं नाकही पाऊण अंश खाली झुकलं. पाऊण अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तासभर त्या उतारावरून अंग पुढे घसरतं आणि ते अडवायचं काम तळहात करतात.

हवेच्या फोर्कचं आणखी एक. मे महिन्यात दुपारी ३५ अंशांत ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला फोर्क डिसेंबरच्या पहाटे १० अंशांत साधारण ७२-७३ दाखवेल, एक थेंबही हवा न गळता. थंडीत हवा आकसते, एवढंच. आपल्याकडे राइडचा सीझन दिवाळीनंतर भरात येतो, आणि हाताची तक्रारही तेव्हाच. मी उगाच स्वेटर-हातमोज्यांना दोष देत होतो. शिवाय शॉक पंप (फोर्कमध्ये हवा भरायचा पंप) लावला की थोडी हवा पंपाच्या नळीत शिरते आणि आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून पीएसआय पाठ करू नका, सॅग मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा.

स्प्रिंगचा फोर्क असेल तर हवेचा प्रश्न नाही, पण सुरुवातीच्या किमतीच्या सायकलींतल्या स्प्रिंगा बऱ्याचदा हलक्या माणसाला धरून बनवलेल्या असतात. वजन ८५-९० किलो असेल तर त्या आरामात एक तृतीयांश दबतात. वरच्या प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणाऱ्या, गोल चकतीने थोडासा फरक पडतो. त्याने भागलं नाही तर जरा कडक स्प्रिंग मिळते का बघा, नाहीतर ती घट धरूनच हँडल लावा.

मग सीट

फोर्क ठीक करूनही बोटं झोपत असतील तर अजून हँडलकडे येऊ नका. रिकाम्या, सपाट, सरळ रस्त्यावर हलक्या गिअरमध्ये पायडल मारत असताना दोन्ही तळहात ग्रिपवरून क्षणभर बोटभर वर उचलून बघा. अंग जागेवर राहिलं तर वजन सीट आणि पायांवर आहे. लगेच पुढे पडायला झालं तर वजन हातांवर आहे, आणि मग सीट पुढे झुकलेली आहे किंवा गरजेपेक्षा पुढे सरकवलेली आहे अशी दाट शंका घ्या. सीटवर एक पुठ्ठ्याची वही आडवी ठेवा, तिच्यावर मोबाइलचं लेव्हल ॲप. सपाटपासून सुरुवात करा, फार तर एक-दोन अंश नाक खाली. माझं साडेतीन अंश खाली होतं. ते मीच कधीतरी यूट्यूब बघून केलं होतं. कबूल.

सीटचा दुसरा चोर म्हणजे सीटपोस्ट, सीटखालची दांडी. तिला आवळणारा क्लॅम्प सैल असेल तर सीट राइडगणिक मिलिमीटर-मिलिमीटर खाली बसते. त्याने हँडल आपसूक उंच झाल्यासारखं होतं आणि चढावर पुढचं चाक उचलायला लागतं. आपण म्हणतो हँडल फार वर झालं! सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारा. टेपची कड क्लॅम्पला टेकलेली राहिली पाहिजे.

आता हँडल

इतकं झाल्यावर खरंच हँडलच खाली असेल तर ते वर घ्यायचं. आधी कुणाचा आकडा उतरवायचा हा मोह सोडा. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत रिपॅक नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, तेव्हा ती मंडळी जुन्या जाडजूड श्विन सायकलींवर मोटरसायकलसारखी रुंद, उंच हँडलं लावून खाली सुटायची. नव्वदच्या दशकात तेच हँडल अरुंद झालं, लांब स्टेमवर सीटच्याही खाली गेलं. आता परत ७६० ते ८०० मिमी रुंद आणि उंच. माणसाची पाठ या पन्नास वर्षांत बदललेली नाही. क्रॉस-कंट्री शर्यतीत पळणाऱ्याचं हँडल सीटच्या बरोबरीला किंवा खाली असतं, टेकड्यांवर मजेत फिरणाऱ्याचं बरोबरीला किंवा दोन-चार सेंमी वर. इथून सुरुवात करा, पुढचं तुमच्या वाटेवर ठरेल.

स्पेसर वरखाली करताना एक गोष्ट लोक विसरतात. फोर्कची फ्रेममधून वर येणारी नळी, जिच्यावर स्टेम बसतो, तिरकी असते, त्यामुळे हँडल वर जाताना मागेही येतं. माझ्या सायकलीचा हेड अँगल, म्हणजे त्या नळीचा जमिनीशी कोन, ६७ अंश आहे. १० मिमीचा स्पेसर खाली घातला की हँडल साधारण ९ मिमी वर आणि ४ मिमी मागे येतं. तीन स्पेसर घातले तर सेंटिमीटरहून जास्त मागे. आधीच आखूड सायकल असेल तर त्यावर कोंबडी बसवल्यासारखं बसायला होतं. स्टेम उलटा करण्याचाही एक फुकटचा उपाय आहे: ६० मिमीचा, ६ अंशांचा स्टेम खालच्या तोंडाने असेल तर उलटवून जवळपास ११-१२ मिमी मिळतात. स्टेमवरचं नाव उलटं दिसतं म्हणून कुणी तसं करत नाही. दिसू द्या.

काम करताना सायकल जमिनीवर, दोन्ही चाकांवर उभी ठेवा. मी पहिल्यांदा स्टँडवर टांगून केलं. वरची टोपी काढली, स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल केले, स्टेम वर खेचला, आणि फोर्क चाकासकट सुळ्ळकन खाली आला. बेअरिंगवर बसणारी ती चिरलेली पाचरीसारखी रिंग टणकन उडून शेजारच्या ॲक्टिव्हाखाली गेली. मोबाइलच्या टॉर्चने अर्धा तास शोधली. ती रिंग निमुळती बाजू खाली, बेअरिंगकडे, अशी बसते, उलटी बसवली तर हँडल कधीच घट्ट होत नाही.

हँडल आणि केबली स्टेमसकट अलगद बाजूला धरायला एक माणूस असला तर सोपं जातं. नसेल तर टॉवेल टाकून फ्रेमवर टेकवा. स्पेसर हवे तसे लावा, पण एकूण स्पेसरांची बेरीज तीच ठेवा: खालून काढलेला वर आलाच पाहिजे, वरचा खाली गेलाच पाहिजे. सगळं बसवून झाल्यावर फोर्कच्या नळीचं तोंड सर्वांत वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिमी आत हवं. नळी कडेच्या बरोबरीला आली तर वरची टोपी नळीवरच टेकते, बेअरिंग दाबलं जात नाही, आणि मग उतारावर पुढून खटखट येत राहते.

घट्ट करायचा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं. आधी वरच्या टोपीचा बोल्ट, तोही हलक्या हाताने. त्याचं काम फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढायचं, स्टेम धरून ठेवायचं नाही. पुढचं चाक जमिनीवरून उचललं की हँडल स्वतःच्या वजनाने डावी-उजवीकडे पडलं पाहिजे, अडखळत असेल तर जास्त आवळलंय. मग स्टेम पुढच्या चाकाशी सरळ करा. पायांत चाक धरून वरून एका डोळ्याने बघायचं. शेवटी स्टेमचे बाजूचे बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून. बहुतेक स्टेमवर ५ किंवा ६ न्यूटन-मीटर (आवळायच्या जोराचं माप) असं कोरलेलं असतं, तेवढंच. तो जोर मोजणारा टॉर्कचा पाना नसेल तर ग्रुपमध्ये कुणाकडे तरी असतोच, मागा. कार्बनची नळी किंवा हँडल असेल तर अंदाजाने आवळूच नका.

तपासणी: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, दुसऱ्या हाताचं बोट फ्रेम आणि फोर्कच्या सांध्यावर. सांध्यात टकटक जाणवली तर बाजूचे बोल्ट सैल करून परत टोपीपासून सुरुवात. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ब्रेकची नळी किंवा गिअरची केबल ताणली जात नाही ना. मागच्या चाकाची केबल सगळ्यात आधी ताणते. वळणावर आपोआप गिअर बदलायला लागला तर हँडल वर गेलंय आणि केबल आखूड पडलीय हे समजा. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलावर चालणारा, असेल आणि नळी ताणत असेल तर थांबा. ते लांब नळी टाकून तेल भरून घ्यायचं काम आहे, ओढूनताणून चालवायचं नाही.

वाट काय सांगते

एका वेळी ५ मिमी. त्यापेक्षा जास्त नाही, आणि त्याच दिवशी सीट हलवायची नाही. मग तीच वाट, त्याच दिशेने, निदान दोन राइड. माझी वाट ठरलेली आहे: एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वर, खाणीला वळसा, वेताळबाबाच्या देवळापाशी पाणी, आणि परत.

खाणीआधीच्या सैल मुरमाच्या चढावर बसून चढताना पुढचं चाक हलकं होऊन इकडेतिकडे भटकत असेल तर हँडल गरजेपेक्षा वर आहे. तिथे मला ३० मिमी उठावाच्या हँडलची चूक कळली. पाठीला सुख होतं, पण चाक दर तिसऱ्या पायडलला सुटायचं. तसंच, परतीच्या सपाट, धुळीच्या वळणांवर पुढचं चाक बाहेर घसरत असेल तर त्यावर पुरेसं वजन पडत नाहीये. हँडल खाली घ्या, किंवा निदान कोपर वाकवून छाती पुढे आणायची सवय लावा. नवख्यांच्या बाबतीत बहुतेकदा ताठ कोपर हेच कारण असतं, पण ते कुणाला ऐकायचं नसतं.

याउलट दगडी पायऱ्यांसारख्या उतारावर आपण हँडलवरून पुढे भिरकावले जाऊ असं पोटात येत असेल, हात ताठ होऊन कुल्ले मागच्या चाकापर्यंत जात असतील, तर हँडल खाली आहे. मानेचा मागचा भाग दुखणं हीही तीच खूण, कारण खाली वाकून समोर बघायला मान मोडावी लागते.

बोटांचंही नीट ऐका. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस दाबली जातेय. तिथे वजन कमी करणं किंवा ग्रिपवर हात कसा टेकतोय ते बदलणं उपयोगी. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट वर मुडपलं जातंय का बघा. ब्रेकचे लिव्हर फार वर फिरवलेले असले की असं होतं. पडल्यावर हँडल स्टेममध्ये चार-पाच अंश फिरलेलं असतं आणि लिव्हरही हललेले असतात. हँडलच्या मध्याला बारीक रेघा छापलेल्या असतात, त्यांचा फोटो काढून ठेवला असेल तर एका मिनिटात कळतं. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा दुसऱ्या दिवशी राहत असेल किंवा पकड कमी झाली असेल तर मात्र स्पेसर बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

सगळं जमल्यावर परत का बिघडलं

फोर्कमध्ये हवा, सीट सपाट, जुनं १५ मिमीचं हँडल परत, स्टेमखाली २५ आणि वर ५ मिमी. पाच महिने बोटांनी तक्रार केली नाही. मग पावसाळ्यानंतर सायकल सर्व्हिसिंगला दिली आणि पहिल्याच राइडला देवळापाशी पोचेपर्यंत करंगळी गेली.

या वेळी मी काही आवळलं-सैल केलं नाही, मेजपट्टी काढली. हँडल १८ मिमी खाली. स्पेसर मोजले: खाली ५, वर २५. बेअरिंगला ग्रीस लावायला फोर्क उतरवला असणार आणि परत बसवताना रिंगा हाताला आल्या तशा घातल्या असणार. विचारायला गेलो तर दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, रिंगा सगळ्या टाकल्यात, एक पण कमी नाही." खरं होतं ते. एकही कमी नव्हती. त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता, कारण क्रम कुठे लिहून दिलाच नव्हता मी.

आता सायकल देताना फ्रेमच्या वरच्या नळीवर मास्किंग टेप लावून त्यावर पेनाने लिहितो: "स्टेमखाली १०+१०+५, वर ५." त्याच टेपवर जमिनीपासून ग्रिप १०२, सीटची वरची बाजू १००, सॅग २६. परत आल्यावर दुकानाच्या फुटपाथवरच माप घेतो. पोरगा हसतो, हसू दे.

अजून वर हवंय, पण स्पेसर संपले तर

फोर्कची नळी आधीच कापलेली असेल तर ती परत वाढत नाही. म्हणून नवी सायकल घेताना दुकानदार "सर, वरचं कापून फिनिश देतो" म्हणाला तर नको म्हणा. वर दोन-तीन रिंगा दिसल्या तर दिसल्या. कापलेलीच असेल तर पहिला पर्याय जास्त उठावाचं हँडल: त्याने उंची मिळते आणि स्पेसरांसारखं हँडल मागे येत नाही. घेताना मधला व्यास बघा, २५.४, ३१.८ आणि ३५ मिमी अशी तीन मापं बाजारात आहेत आणि ती एकमेकांत बसत नाहीत. पॅकिंग घालून बसवायचा सल्ला कुणी दिला तर दुकान बदला. दुसरा पर्याय जास्त कोनाचा स्टेम. नळीला जोड देऊन उंची वाढवणारे तुकडे मिळतात, ते सोसायटीत भाजी आणायला ठीक, दगडांवर नाही. सांध्यातून वाकणाऱ्या ॲडजस्टेबल स्टेमबद्दलही माझं हेच मत, करकर सुरू व्हायला एक पावसाळा पुरतो.

जुन्या किंवा स्वस्त सायकलींत स्पेसरच नसतात. वरून एकच लांब बोल्ट, आणि खाली फोर्कच्या नळीत पाचरीने अडकलेली दांडी. तिथे तो बोल्ट चार-पाच फेरे सैल करायचा, डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा, पाचर सुटते. दांडीवर आडव्या रेघांची खूण कोरलेली असते, ती बाहेर दिसेल इतकं वर कधीच घ्यायचं नाही. त्या खुणेपलीकडे आत उरलेली दांडी पुरत नाही आणि खड्ड्यात हँडल हातात येतं. दोन-तीन पावसाळे न हलवलेली दांडी गंजून बसलेली असते. अशा वेळी गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, सकाळी पुढचं चाक पायांत घट्ट धरून हँडल डावी-उजवीकडे हलवा. बाहेर आली की पुसून ग्रीस लावूनच आत घाला.